भाड्याची किंकाळी

ता. ९ नोव्हेंबर, रविवार
दुपारच्या चहानंतर

प्रिय शिट्टीस,

ताईचे आशीर्वाद. नको असले तरी ठेवून घे, मोठ्या बहिणीचे आशीर्वाद परत करायची सोय नसते.

इकडे सगळं ठीक. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. आता कोपऱ्यातली जळमटं मला बसल्या जागेवरून दिसतात, त्यामुळे सूनबाईंना माझा आधीचा डोळाच जास्त आवडायचा. गुडघे कुरकुरतात, पण ते माझे गुडघे, गप्प कसे बसतील. तू, तुझी शिवणाची मशीन आणि ती आगाऊ मांजर, तिघी मजेत असाल असं धरून चालते.

अक्षर वेगळं दिसलं असेल. इतकी वर्षं माझी पत्रं मुलगा लिहायचा. मी अर्धा तास सांगायचे आणि तो चार ओळी खरडून पाकीट चिकटवायचा. मला वाचता येत नाही, पण चार ओळी चारच दिसतात एवढं कळतं. आता हे काम नातीकडे दिलंय. तिला ताकीद आहे की मी जे बोलेन ते सगळं लिहायचं, पदरचं घालायचं नाही आणि गाळायचं तर मुळीच नाही. ही आमची कारकून म्हणते, "आजी, सरळ मावशीआजीला फोन कर ना." फोनवर जमत नाही. का, ते पुढे येईल. आधी बातमी ऐक.

ही पोरगी भुतांच्या नादी लागली आहे. घाबरू नकोस, जुन्या भुतांच्या. दर रविवारी दुपारी औषधाच्या दुकानावरच्या खोलीत दहा-बारा जण जमतात, पडदे ओढतात आणि विलायती भुताचे सिनेमे बघतात. आपल्या थेटरात मॅटिनीला लागायचे तेच. काळ्या झग्यातला सरदार, वाफाळलेलं धुकं, उधळलेले घोडे आणि जिथे जाऊ नको म्हटलंय तिथेच मेणबत्ती घेऊन जाणारी पोरगी. मला वाटलं होतं ते सिनेमे आपल्या थेटराबरोबरच मेले. तर ही मंडळी त्यांची पारायणं करतात. गेल्या रविवारी नात मलाही घेऊन गेली. म्हणाली, "आमची आजी थेटरात कामाला होती," आणि मला सगळ्यांत मऊ खुर्ची मिळाली.

शिट्टे, माणसं वेडी आहेत, पण वेड चांगलं आहे. एक निवृत्त दातांचे डॉक्टर आहेत. सरदाराचे सुळे कुठल्या सिनेमात नीट बसले होते आणि कुठल्यात बिचाऱ्याला ओठ मिटता येत नव्हते, यावर तासभर बोलतात. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या खुर्चीत माणसं एवढी का घाबरायची ते आज कळलं." रक्त टोमॅटोच्या सॉससारखं लालभडक दिसतं, तर म्हणतात, तसंच हवं. वटवाघळाची दोरी दिसली की टाळ्या वाजवतात. मी विचारलं, "दोरी दिसली तर हसायचं सोडून टाळ्या कसल्या?" तर डॉक्टर म्हणाले, "आजी, समोर दोरीवरचं वटवाघूळ आहे, वाडा पुठ्ठ्याचा आहे, आणि तरी तो नट खऱ्या वाड्यात असल्यासारखा अदबीनं पायऱ्या उतरतो. ती टाळी त्याला." मला हे पटलं. खोट्या जागी मन लावून काम करणारं माणूस मला नेहमीच आवडत आलंय. तसं एक मी ओळखायचेसुद्धा.

आणि एक सांगू? मला त्या भुताचा स्वभावही आवडतो. आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आमच्या शेजारणीपेक्षा बरं.

दुकान ज्यांचं, ते औषधवाले जिन्यावर फिदा. म्हणे सगळ्या सिनेमांत मालक बदलतो, गाव बदलतं, पण जिना तोच. नुसता गालिचा दुसरा. ते जिन्याचं सांगत होते तेव्हा मी चहाच्या कपात बघत होते.

मग त्यांनी त्यांचा खजिना काढला. एक कॅसेट. कॉलेजात असताना त्यांनी पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून आपल्या थेटरात, बाल्कनीतल्या बाजूच्या जिन्यालगतच्या खुर्चीत बसून, एका सिनेमाचा आवाज भरून घेतला होता. पुन्हा बघायला मिळेल न मिळेल, निदान ऐकता यावा म्हणून. त्या कॅसेटमध्ये, शवपेटीचं झाकण उघडतं तिथे एक किंकाळी आहे. ती सिनेमाच्या दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नाही. यांनी चार प्रती लावून बघितल्या. डॉक्टरांचा सिद्धान्त असा की आपल्याकडे आलेली रिळं वेगळी होती आणि जगात कुठेच नसलेली ती प्रत आपल्याच थेटरात लागून गेली. त्यांनी परदेशी तीन पत्रं पाठवली आहेत. एवढे शिकलेले लोक, आणि कारण त्यांच्या समोर मऊ खुर्चीत बसून बिस्किट बुडवत होतं.

मला हसू आवरेना. सांगणारच होते. तेवढ्यात औषधवाल्यांनी बटण दाबलं.

शिट्टे, तो तुझा आवाज. अठ्ठेचाळीस वर्षांनी. आणि कुठलाही नाही, त्याच दिवसाचा. औषधवाले सांगत होते, "याच शोला बाल्कनीच्या जिन्यावर कुणीतरी पडलं होतं, इंटरव्हलला कळलं." मी गुडघ्याचं निमित्त केलं आणि उठले. किंकाळीपुढचं काही ऐकलं नाही.

आता नातीला यातलं काहीच माहीत नाही आणि ती लेखणी थांबवून माझ्या तोंडाकडे बघते आहे. तेव्हा तुला माहीत असलेलंच मी तिच्यासाठी सांगते. तोवर तू मांजरीला दूध घाल.

ऐक गं कारकून. मी थेटरात बाल्कनीच्या दारावर होते. तिकीट फाडायचं, टॉर्च दाखवायचा. आकडे वाचता यायचे नाहीत, म्हणून तिकीटवाल्यालाच आकडा विचारायचे आणि रांगा पायांनी मोजायचे, एकदाही कुणाला चुकीच्या खुर्चीत बसवलं नाही. ही माझी धाकटी बहीण झाडझुडीला होती. लहानपणापासून हिचा आवाज असा की आई हिला शिट्टी म्हणायची. एकदा हिच्या पायावरून उंदीर गेला आणि ही अशी ओरडली की मॅनेजर खालून धावत आला. उंदराचं राहिलं बाजूला. दुसऱ्या दिवसापासून हिला नवं काम. प्रेक्षकांत बसायचं आणि झाकण उघडलं की किंचाळायचं. एक बाई किंचाळली की मग सगळ्यांना हिंमत येते, असं मॅनेजरचं म्हणणं. खरंच होतं ते. लोक घाबरायला पैसे देतात आणि मग लाजतात. कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते.

त्याचे नियम होते. दर शोला जागा बदलायची. किंचाळून झालं की अंधारातच बाजूच्या जिन्यानं, झाडूवाल्यांच्या, खाली निसटायचं, म्हणजे इंटरव्हलला कुणी ओळखू नये. आणि माझ्यासाठी नियम असा की किंकाळी झाली की टॉर्च लावायचा नाही, जागचं हलायचं नाही. उजेडात भाड्याची किंकाळी उघडी पडते.

त्या दिवशी इंटरव्हलला ही त्या बाजूच्या जिन्यावर सापडली. खुब्याचं हाड मोडलेलं. वीस मिनिटं तिथे पडून होती. हाड नीट बसलं नाही ते नाहीच. बस, एवढंच तुला माहीत असायला हवं, लिही पुढे.

आता तुझ्यासाठी, शिट्टे. मांजरीचं दूध ठेव बाजूला.

मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की मी पाणी आणायला खाली गेले होते, मला काही ऐकू आलं नाही. तुलाही तेच सांगितलं. मी खाली गेले नव्हते. मी दारातच होते. मी ऐकलं.

त्या दिवशीची किंकाळी वेगळी होती. एक श्वास उशिरा आली आणि थांबेचना. माझ्या अंगावर काटा आला. मी एक पाऊल आत टाकलं. मग लोक हसले, कुणी टाळी वाजवली, आणि मला वाटलं, वा, आज हिने कमाल केली. आणि मी ते पाऊल मागे घेतलं. नियम होता ना. लोकांसारखं मीसुद्धा मनात टाळी वाजवली आणि वीस मिनिटं उभी राहिले. तू जिन्यावरून किंचाळली असशील, तिथेच पाय गेला असेल, आणि मी तुझ्या खऱ्या हाकेला वाहवा दिली.

मुलाकडून हे कसं लिहून घेणार होते? आईनं काय केलं ते लेकाच्या हातून कागदावर उतरवायचं? आणि फोनवर तुझा आवाज आला की मला तोच आवाज ऐकू येतो. तू दवाखान्यात अंथरुणाला खिळून शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून वाचायला शिकलीस. मी धडधाकट असून शिकले नाही. शिकले असते तर हे पत्र लिहावं लागलं असतं, हे मनात होतंच.

नात म्हणते, "आजी, थांबू या का?" थांबायचं असतं तर सुरुवात कशाला केली.

तू आजवर कधी विचारलं नाहीस, त्याचीच जास्त भीती वाटते. काय लिहायचं ते लिही. नाही लिहिलंस तरी चालेल असं म्हणणार होते, पण चालणार नाही.

दाराबाहेर उभी,
तुझी ताई

(अंगठा माझाच आहे. शाई जास्त लागली.)


ता. २३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी, आंघोळीच्याही आधी

शिट्टे, अगं बदमाशे,

आशीर्वाद वगैरे नंतर.

तुझं पत्र काल आलं. नातीनं पाकीट हातात धरून विचारलं, "आधी मी मनात वाचू का?" मी म्हटलं, "नाही, मोठ्यानं, आणि दार लाव." आणि पहिलंच वाक्य काय, तर "ताई, तू आयुष्यात माझी केलेली ही पहिली स्तुती, आणि ती करायला तुला अठ्ठेचाळीस वर्षं लागली."

मी नातीला म्हटलं, पुन्हा वाच. तिनं तीनदा वाचलं. आता मला पाठ झालंय, मीच तुला म्हणून दाखवते, चुकलं तर सांग.

"मॅनेजर आदल्या दिवशी म्हणाला होता, तुझी किंकाळी शिळी झाली, लोकांना आधीच कळते. म्हणून मी मुद्दाम एक श्वास थांबले. लोकांना वाटू दिलं की आज काही नाही. आणि मग सोडली. खुर्चीत बसून सोडली, ताई, जिन्यावरून नाही. लोक हसले, टाळी पडली, मी खूश होऊन तिथेच बसले. नेहमीसारखी लगेच उठले नाही, टाळी ऐकत बसले. मग घोडागाडी पुलावर आली तेव्हा उठले आणि जिन्यावर पाय घसरला. पडताना श्वास आत अडकला तो अडकलाच. तोंडातून हूं की चूं नाही. जन्मात एकदा खरं ओरडायची वेळ आली आणि शिट्टी वाजली नाही. तू ऐकलीस ती भाड्याचीच होती. खऱ्याला आवाज नव्हता. तू कान लावून बसली असतीस तरी ऐकायला काही नव्हतं."

आणि त्याखाली, "तू दारात होतीस हे मला माहीत होतं. तू पाण्याला खाली गेली असतीस तर तुझ्या हातात पाणी नसतं का?"

हे मात्र खरं. एवढं खोटं बोलले आणि तांब्याभर पाणी आणायचं सुचलं नाही.

पण मी कशी आहे तुला माहीत आहे. संध्याकाळभर जीव हलका झाला आणि जेवताना किडा वळवळला. शिट्टी मायाळू आहे. मला सोडवायला रचून लिहिलं असेल तर? खोट्या जागी मन लावून काम करणारी ती, पत्रातही तेच केलं असेल. म्हणून मी आज उजाडताच नातीला उठवलं आणि औषधवाल्यांकडे गेले. ते दात घासत होते. म्हटलं, "ती कॅसेट लावा. यावेळी शेवटपर्यंत."

किंकाळी आली. मी खुर्चीचे हात धरले आणि बसून राहिले. मग हसणं, मग टाळी. मग तो जाड आवाजाचा पाद्री काहीतरी बराच वेळ बोलतो. मग घोड्यांच्या टापा, चाकांचा खडखडाट, लाकडी पूल. आणि त्या खडखडाटात दोनदा धप्. बारीकसं. औषधवाले म्हणाले, "इथे कुणाचा तरी डबा पडला असं मी समजत होतो." नंतर तुझा आवाज नाही. खरंच नाही. घोडागाडी तशीच पुढे जाते.

किंकाळी आणि धप् यांच्यामध्ये नातीनं घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटं.

चार मिनिटं, शिट्टे. त्या चार मिनिटांत तू धडधाकट होतीस, टाळी ऐकत बसली होतीस. आणि मी दारात उभी राहून तुझं कौतुक करत होते ते बरोबर होतं. कौतुक करण्यासारखंच होतं ते. मी तिथेच औषधवाल्यांच्या स्टुलावर बसून रडले, त्यांनी सवयीनं गोळी काढली, आणि नात म्हणाली, "हे रडणं ते नाही, काका."

कॅसेट पुढे चालूच होती. घंटा होते, लोक उठतात, मग एक बारीक मुलीचा आवाज तुला हाका मारत येतो. शिट्टे, शिट्टे. नात म्हणाली, "आजी, ही कोण?" मला आधी ओळखूच आलं नाही. आणि तुझ्यापाशी पोहोचल्यावर त्या मुलीचं पहिलं वाक्य काय, तर "मी पाणी आणायला गेले होते गं." अजून कुणी काही विचारलंही नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खाल्लेलंच नसताना खवखवलं ते माझंच. पण माझा आवाज सगळ्यांच्या आधी आलाय, तेवढं मी मोजलं.

ते खोटं मात्र खोटंच होतं. त्याची माफी मी मागते, आणि ती तू खुशाल घासाघीस करून दे.

तू लिहिलंस की इतक्या पत्रांत मी एकदाही पायाचं विचारलं नाही, म्हणून तुला वाटायचं ताईला माझ्या लंगडण्याची लाज वाटते. अगं, मला त्या पायाकडे बघवायचं नाही, ते माझ्या पापाचं म्हणून. तू काठी घेऊन आलीस की मी चहा करायला पळायचे. तुला वाटायचं ताई टाळते. टाळतच होते, पण तुला नाही. एकाच आईच्या पोटच्या दोन बाया, एकीची किंकाळी भाड्याची आणि दुसरीचं पाणी आणायला जाणं खोटं, आणि दोघींनी अठ्ठेचाळीस वर्षं पुठ्ठ्याच्या वाड्यात काढली.

तर आता विचारते. पाय कसा आहे? कुठे दुखतो, कधी दुखतो, काठी कुठल्या हातात धरतेस, रात्री कुशीवर झोपता येतं का? सगळं लिही. चार ओळीत आटपू नकोस, मोजते मी.

आता भुताळी मंडळींचं. औषधवाल्यांनी सकाळीच सगळ्यांना कळवलं. डॉक्टर तसेच चपला घालून आले, मागोमाग बाकीचेही. मला वाटलं, ती जगावेगळी प्रत नव्हतीच म्हटल्यावर माणूस खचेल. तर ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही रिळं शोधत होतो, आणि ती किंकाळी हयात आहे?" मी म्हटलं, "हयात आहे, शिवणकाम करते आणि मांजर पाळते." ते म्हणाले, "त्यांना दात आहेत का?" धंदा सुटत नाही माणसाचा. मग म्हणाले, "आजी, आम्ही त्या सिनेमातल्या प्रत्येक नटाला दाद दिली, दोरीलासुद्धा दिली, आणि सगळ्यांत चांगलं काम आमच्या पाठीमागच्या खुर्चीत झालं होतं."

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीनला, ते तोच सिनेमा लावणार आहेत आणि तुला बोलवायचंय. किंचाळायला नाही, असं डॉक्टर म्हणतात, नुसतं पाहुणी म्हणून. पण ते म्हणताना सगळे खाली बघत होते. मी सांगितलं की शिट्टीच्या मनात असेल तर होईल, आणि झाकण उघडल्यावर एक श्वास थांबा, घाई करू नका.

तू आमच्याकडेच उतरायचं. मांजर आण. सूनबाई कुरकुर करतील, मी जळमटांचा विषय काढेन.

दुकानावरच्या खोलीला जिना आहे. चौदा पायऱ्या, मी आज पायांनी मोजल्या. कठडा उजवीकडे, पाचवी पायरी जरा उखडलेली, ती औषधवाले या आठवड्यात बसवून घेणार आहेत, मी रोज जाऊन बघणार आहे. नातीकडून टॉर्च घेतला आहे. दुपार असली म्हणून काय झालं, मी तुझ्या एक पायरी पुढे चालेन, उजेड तुझ्या पायाशी धरेन, आणि ओळखू दे कुणाला ओळखायचं तर. यावेळी नियम आपला.

तू शेवटी लिहिलंस, "ताई, त्या दारात किती वर्षं उभी राहशील, आत ये की." हे वाक्य मी नातीला वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात काढायला सांगितलंय. वाचता येत नाही, पण कुठलं कुठे आहे ते कळतं. 'आत' हा शब्द डावीकडून कितवा आहे ते माझं पाठ झालंय.

बोलावल्याशिवाय येणार नव्हते, बोलावलंस म्हणून आत आलेली,

तुझी ताई